ताई, माझा रिफंड कधी येईल?

हे बघ, याचं एका वाक्यातलं उत्तर हवं असेल तर देते. रिटर्न भरलं, ई-व्हेरिफाय केलं आणि सगळं जुळलं, तर चार ते पाच आठवडे धरून चाल. आयकर खात्याच्या पोर्टलवरही साधारण एवढीच मुदत सांगितलेली असते. पुष्कळ जणींना त्याच्या कितीतरी आधी पैसे मिळतात. तुझ्या मैत्रिणीला आठ दिवसांत आले म्हणतेस, तेही खरं असणार. पण कायद्याने खात्याला दिलेली मुदत याहून बरीच मोठी आहे. ती कुणी आपल्याला सांगत नाही, आणि मग दीड महिना उलटला की उगाच जीव खालीवर होतो.

रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत त्याची तपासणी करून 143(1) कलमाखालची सूचना पाठवायची, असा नियम आहे. समज, तू 2025 च्या ऑगस्टमध्ये रिटर्न भरलंस. ते आर्थिक वर्ष संपणार 31 मार्च 2026 ला. तिथून पुढे नऊ महिने, म्हणजे 31 डिसेंबर 2026. तोपर्यंत खात्याने मुदत मोडली असं म्हणता येत नाही. वाचून धसका घेऊ नकोस, इतकं थांबावं लागणारे थोडे असतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेच दिलेले आकडे आहेत: 2019-20 या कर निर्धारण वर्षात रिटर्न प्रोसेस व्हायला सरासरी 82 दिवस लागत, 2022-23 मध्ये ते 16 वर आले आणि 2023-24 मध्ये 10 वर. ही सगळी रिटर्न्स बंगळुरूच्या केंद्रात संगणकावर तपासली जातात. तुझ्या शहरातल्या आयकर कार्यालयात जाऊन कुणाला भेटल्याने तो रिफंड लवकर सुटेल, ही समजूत आता सोडून दे.

मग एकीला दहा दिवसांत आणि दुसरीला पाच महिन्यांनी, असं का? संगणक जुळवाजुळव करतो. तू लिहिलेलं, तुझ्याबद्दल इतरांनी खात्याला कळवलेलं आणि बँकेकडे असलेलं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर तो थांबत नाही. एक जरी अडली तर तो थांबतो, आणि का थांबला हे ई-मेलवर कळवतो. ते ई-मेल वाचणारं कुणी नसेल, तर तो तसाच थांबून राहतो. बहुतेक उशिरांचं मूळ मला तरी इथेच दिसलं आहे.

पहिली गोष्ट ई-व्हेरिफिकेशनची. रिटर्न ‘सबमिट’ झालं म्हणजे काम झालं असं समजून लॅपटॉप बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की दोन मिनिटांत व्हेरिफाय होतं. नेट बँकिंगमधूनही करता येतं. 1 ऑगस्ट 2022 पासून यासाठी 30 दिवसच मिळतात, पूर्वी 120 मिळायचे. ते 30 दिवस चुकले आणि तू नंतर व्हेरिफाय केलंस, तर रिटर्न त्या नंतरच्या तारखेला भरलं असं धरतात. ती तारीख मुदतीपलीकडे गेली तर विलंब शुल्काचा प्रश्न येतो. आणि व्हेरिफायच केलं नाहीस तर कायद्याच्या दृष्टीने तू रिटर्न भरलेलंच नाहीस. तेव्हा रिफंडचे दिवस मोजायचे ते रिटर्न भरल्यापासून नव्हे, व्हेरिफाय केल्यापासून.

आता नावाचं बोलते, कारण हे आपल्या मुलींनाच सर्वांत जास्त नडतं. आपल्याकडे लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत अजूनही पहिलं नावही बदलतात. तू पॅन कार्ड काढलंस कॉलेजात असताना, त्यावर माहेरचं पूर्ण नाव. बँकेतलं खातं लग्नानंतर सासरच्या गावात उघडलेलं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि नवीन आडनाव. आधार मध्येच कधीतरी बदललेलं, त्यावर तिसरंच काहीतरी, शिवाय आडनाव आधी की शेवटी याचाही घोळ. तुझ्या दृष्टीने ही तिन्ही नावं तुझीच, पण संगणकाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. रिफंड फक्त अशाच खात्यात जमा होतो जे पॅनशी जोडलेलं आहे आणि पोर्टलवर आधी ‘व्हॅलिडेट’ झालेलं आहे. बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव पुरेसं जुळलं नाही तर तिथे लाल अक्षरांत ‘फेल्ड’ येतं, आणि रिटर्न कितीही बिनचूक असलं तरी पैसे निघत नाहीत.

माझं मत विचारशील तर लग्नानंतर नाव बदलायचंच असा काही कायदा नाही. नाही बदललंस तर पुढच्या कितीतरी कटकटी वाचतात. पण बदललं असशील तर सगळीकडे एकच ठेव, अर्धवट ठेवू नकोस. पॅनमधलं नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला चालतो, राजपत्रात छापलेली नोंद चालते, आणि विवाहित स्त्रियांसाठीच्या यादीत लग्नपत्रिकासुद्धा आहे. तेव्हा कपाटातली ती पत्रिका टाकून देऊ नकोस. पॅन कार्डावर लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं, नवऱ्याचं येत नाही, त्यामुळे ते ‘चुकीचं’ समजून बदलायला धावू नकोस. पॅन आधी सरळ कर, मग बँकेत जाऊन केवायसीचा अर्ज दे, आणि शेवटी पोर्टलवर खातं पुन्हा व्हॅलिडेट कर. हा क्रम उलटा केलास तर सगळं दोनदा करावं लागेल.

खात्याचंच आणखी थोडं. आईचं जुनं खातं देना बँकेत होतं ना, ती बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये गेल्या. अशा खात्यांचे आयएफएससी बदलले, आणि पोर्टलवर जुनाच कोड पडून राहिला असेल तर पैसे अडतात. वर्षानुवर्षं व्यवहार न झाल्यामुळे बँकेने निष्क्रिय केलेलं खातंही चालत नाही. पतसंस्थेतलं खातं या कामाला उपयोगाचं नाही, त्यासाठी बँकच हवी. आणि पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर बाकीचं सगळं सोडून आधी ती कर. 1 जुलै 2023 पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय ठरले, आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही, त्या काळाचं व्याजही मिळत नाही.

दुसरा मोठा भाग टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराचा, आणि तुझं तर सगळं यावरच आहे. तू इंटिरियरची कामं दोन-तीन फर्मसाठी करतेस. ते पैसे देताना दहा टक्के कापून तुला देतात. वर्षाला 4,80,000 रुपयांची बिलं झाली तर 48,000 त्यांनी कापले. तू 44एडीए कलमाखाली निम्मं, म्हणजे 2,40,000, उत्पन्न दाखवलंस, तर कर शून्य, आणि ते सगळे 48,000 परत मिळायला हवेत. ‘माझं उत्पन्न करपात्रच नाही, मग रिटर्न कशाला’ असं तू गेल्या वर्षी म्हणत होतीस. अगं, रिटर्न भरल्याशिवाय ते 48,000 तुझ्याकडे परत यायचा दुसरा मार्गच नाही.

पण हे पैसे खात्याला दिसायला हवेत. फर्म तुझ्या बिलातून कर कापते, सरकारकडे भरते आणि दर तिमाहीला कुणाचा किती कापला याचं विवरण देते. ते विवरण दिलं की तुझ्या 26एएस या कर-जमा विवरणात आणि एआयएस या वार्षिक माहिती विवरणात ती रक्कम उमटते. जानेवारी ते मार्च या शेवटच्या तिमाहीचं विवरण देण्याची मुदत आजवर 31 मे राहिली आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये घाईघाईने रिटर्न भरणाऱ्यांचा शेवटच्या तीन महिन्यांचा टीडीएस बऱ्याचदा दिसतच नसतो. मग रिटर्नमध्ये 48,000 आणि खात्याकडे 36,000. उरलेले 12,000 संगणक नाकारतो, आणि दुरुस्तीचा फेरा सुरू. जूनच्या मध्यापर्यंत थांब, फर्मकडून 16ए हा टीडीएसचा दाखला मागून घे, तो 26एएस शी ओळ न् ओळ ताडून बघ, मग भर. लवकर भरलं की लवकर मिळतं हे खरं, पण अर्धवट माहितीवर भरलेलं लवकर हातात पडत नाही.

ताडताना काय बघायचं ते सांगते. फर्मचं नाव, त्यांनी दाखवलेली एकूण रक्कम आणि कापलेला कर, हे तिन्ही. कधी अकाउंटंट पॅनमधलं एक अक्षर चुकवतो आणि तुझा कर भलत्याच बाईच्या नावावर जमा होतो. कधी फर्मने कापलेला असतो पण भरलेलाच नसतो. अशा वेळी संकोच करू नकोस. ‘काम देणारी माणसं आहेत, कसं विचारू’ हा विचार मनात येतो, मला माहीत आहे. पण ते तुझे कष्टाचे पैसे आहेत. बिलांच्या तारखा आणि रकमा लिहून सरळ ई-मेल कर, आणि विवरण दुरुस्त करून द्या असं माग. ती दुरुस्ती त्यांनाच करता येते, तुला किंवा तुझ्या सीएला नाही. फोनवर बोललीस तरी पाठोपाठ लेखी पाठव.

जुनी येणी हा आणखी एक अडसर. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या रिटर्नवर खात्याने काही रक्कम मागितलेली असते, आपल्याला पत्ता नसतो. नवीन रिफंड निघताना 245 कलमाखाली खातं विचारतं की या रिफंडातून ती जुनी रक्कम वळती करू का. उत्तराला 21 दिवस असतात. मान्य असेल तर ‘मान्य’ म्हण, नसेल तर कारणासह ‘अमान्य’ म्हण. काहीच बोलली नाहीस तर ती मूक संमती समजून वळती करतात. रिटर्नमध्ये उणीव आहे अशी 139(9) ची सूचना आली तर उत्तराला साधारण 15 दिवस मिळतात. यातलं काहीही पोस्टाने घरी येईल म्हणून वाट बघत बसू नकोस, सगळं पोर्टलवर आणि ई-मेलवरच येतं.

उशीर झाला तर व्याज मिळतं, हे मात्र लक्षात ठेव. दर महिन्याला अर्धा टक्का. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर टीडीएसच्या रिफंडवर कर निर्धारण वर्षाच्या 1 एप्रिलपासून मोजतात. तुझे 48,000 समज ऑक्टोबरमध्ये आले, तर एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, साडेतीन टक्के, 1,680 रुपये. मुदतीनंतर भरलं तर मोजणी रिटर्न भरल्या दिवसापासून, म्हणजे तेवढे महिने गेलेच. आणि एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी रिफंड असेल तर व्याज नाही. मिळालेलं व्याज पुढच्या वर्षी ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचं असतं. पुष्कळ जण विसरतात, आणि ते एआयएस मध्ये दिसत असल्याने पुढचं रिटर्न अडतं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. मोठा रिफंड काढून देतो, त्यातले अमुक टक्के आम्हाला, असं म्हणणारी माणसं ऑफिसांच्या आसपास फिरत असतात. खोटी देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेला आजार दाखवून ती वजावट घेतात. पैसे येतातही, आणि मग कागद मागितले जातात. 14 जुलै 2025 ला खात्याने अशा दलालांविरुद्ध देशभरात 150 ठिकाणी तपास केला. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला तर त्या कराच्या 200 टक्के दंडाची तरतूद आहे, आणि तो दंड दलाल भरत नाही, ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे तो भरतो. तुझ्या सहीने, तुझ्या ओटीपीने गेलेलं रिटर्न तुझंच. अशा माणसाच्या नादी चुकूनही लागू नकोस.

आणि मोबाइलवर येणारे ते मेसेज. ‘तुमचा 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खातं तपासण्यासाठी लिंक दाबा.’ 2023 मध्ये नेमका हा मेसेज फिरला आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला तो खोटा आहे असं जाहीर करावं लागलं. रिफंडची वाट बघत असलेल्या माणसाला असा मेसेज खराच वाटतो, म्हणूनच तो जुलै-ऑगस्टच्या सुमाराला येतो. आयकर खातं कधीही पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. मेसेजमधली लिंक दाबायची नाही, पोर्टलचा पत्ता स्वतःच्या हाताने टाकायचा. आईलाही हे नीट समजावून सांग, तिच्या पेन्शनवरचा टीडीएस परत यायचा असतो आणि ती भाबडेपणाने विश्वास ठेवते.

पाच आठवडे उलटले तर काय करायचं? लॉगिन कर, ‘ई-फाइल’ मध्ये भरलेली रिटर्न्स बघ, आणि तिथे काय लिहिलंय ते शांतपणे वाच. व्हेरिफिकेशन बाकी असं असेल तर ते कर. ‘प्रोसेसिंग’ असेल तर थांब, रोज चार वेळा उघडून बघितल्याने ते हलत नाही. प्रोसेस होऊन रिफंड देय असं असेल तर पैसे निघण्याच्या वाटेवर आहेत. रिफंड फेल झाला असेल तर बँक खातं दुरुस्त करून ‘रिफंड रीइश्यू’ ची विनंती टाक, ती तुलाच टाकावी लागते, पैसे आपोआप पुन्हा निघत नाहीत. सूचनेतला हिशोब चुकलेला दिसला तर दुरुस्तीचा अर्ज आहे. आणि यातलं काहीच नसताना महिनोन्‌महिने तसंच पडून असेल तर पोर्टलवरच तक्रार नोंदव, तिचा क्रमांक जपून ठेव. तक्रारीत राग ओतू नकोस. पोचपावती क्रमांक, व्हेरिफाय केल्याची तारीख आणि रक्कम, एवढंच लिही. अशा तक्रारींना उत्तर मिळतं.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे मी सांगितलेले कलमांचे आकडे पुढे बदललेले दिसतील. गोंधळू नकोस, जुळवाजुळवीचं तत्त्व तेच राहतं.

रिफंड येणार म्हणून त्यावर आधीच खर्च ठरवू नकोस. गणपतीत नवीन फ्रीज, दिवाळीत आईला साडी, असे बेत तू मनात करतेस ते मला दिसतं. पैसे खात्यात पडले की घे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे तुझे पैसे मुळात अडकूच नयेत. दरवर्षी कर शून्य आणि कपात 48,000, असं होत असेल तर कमी दराने कापण्याचा दाखला खात्याकडून ऑनलाइन मागता येतो. तो फर्मला दिलास की पैसे तुझ्या हातात लगेच येतात. आईच्या मुदत ठेवींसाठी, तिचा एकूण कर शून्य येत असेल तर, ज्याला आपण आजवर 15एच म्हणत आलो ते घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत देत जा. 1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांच्या ठेवींवर एका बँकेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या व्याजावर तसाही टीडीएस कापत नाहीत.

आणि शेवटचं, अगदी आतलं. आपल्यातल्या कितीतरी शिकल्या-सवरल्या, कमावत्या मुलींच्या पोर्टलवर मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो आणि ई-मेल सीएच्या ऑफिसचा. खात्याच्या सगळ्या सूचना तिथे जातात. सीएकडे शेकडो रिटर्न्स, नवऱ्याला वाटतं जाहिरातीचा मेसेज, आणि इकडे 21 दिवस संपून जातात. कुणी वाईट नसतं यात, पण नुकसान तुझं होतं. नवऱ्यावर विश्वास ठेव, सीएचा सल्ला घे, फी दे, पण पोर्टलवर नंबर तुझा, ई-मेल तुझा आणि पासवर्ड तुझा. आज जेवणं आटोपली की लॉगिन कर, प्रोफाइल उघड, हे तिन्ही तपासून बदल, आणि बँक खात्यासमोर ‘व्हॅलिडेटेड’ लिहिलंय का ते बघून मला कळव.